कोणाचें तरी

मराठी व्याकरणांत विभक्ति आठ असल्या, तरी संसाराचा गाडा मुख्यतः षष्ठीवर चालतो, असें मला पुष्कळ दिवसांपासून वाटत आलें आहे. माझें, तुझें, भावाचें, सरकारचें, देवाचें या चार-पांच रूपांवर कज्जेदलालांचीं घरें चालतात, भाऊबंद एकमेकांचीं तोंडें पाहात नाहींत, आणि बांधावरचा फणस पिकून तेथेंच कुजतो. परंतु षष्ठीची आणखी एक जात आहे, आणि तिच्याकडे व्याकरणकारांनीं पुरेसें लक्ष दिलेलें नाहीं. ती म्हणजे 'कोणाचें तरी'. वस्तु आपली नाहीं हें आपणांस ठाऊक असतें; ती बेवारशी नाहीं हेंहि ठाऊक असतें; पण ती नेमकी कोणाची, हें विचारण्याची गरज मात्र कोणास वाटत नाहीं. चोराचें सारें राज्य या एका रूपावर उभें आहे. जें माझें आहे तें नेण्यासाठीं त्याला माझ्या झोंपेची वाट पाहावी लागते. जें देवाचें आहे त्याला हात लावतांना निर्ढावलेल्याचाहि हात क्षणभर अडखळतो. 'कोणाचें तरी' मात्र दिवसाढवळ्या उचलतां येतें, आणि उचलतांना बघे बाजूस सरून वाट करून देतात.

हें व्याकरण मला कुणकेश्वरास शिकावयास मिळालें. देवगड तालुक्यांतील या गांवाला लोक दक्षिण कोकणची काशी म्हणतात. महादेवाचें देवालय अगदीं समुद्रकांठीं आहे. वादळांतून वांचलेल्या कोणा परदेशी व्यापाऱ्यानें तें बांधलें अशी दंतकथा असून, महाशिवरात्रीच्या यात्रेला आजहि किनारा माणसांनीं फुलून जातो. खालीं वाळू आणि माड, वर चढून गेलें कीं सडा, आणि सड्यावर जांभ्या कातळाच्या खाणी व हापूसच्या बागा, असें हें गांव आहे. कातळांत कलम लावावयाचें म्हणजे पूर्वीं पहारीनें खड्डा मारतां मारतां माणसाचे तळहात सोलून निघत. आतां तेंच काम एक पिंवळें यंत्र कांहीं मिनिटांत उरकतें. खाण असो, रस्ता असो, विहीर असो कीं घराचा पाया असो, त्यावांचून कोणाचें चालत नाहीं.

या यंत्राला आमच्याकडील लहान पोरहि 'जेसीबी' म्हणतें; मग तें कोणत्याहि कारखान्याचें असो. हीं तीन अक्षरें जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज गृहस्थाच्या नांवाचीं आद्याक्षरें आहेत. १९४५ सालीं त्यानें आपला उद्योग सुरू केला, आणि १९७९ पासून त्याच्या कंपनीचीं यंत्रें हिंदुस्थानांत बनूं लागलीं. एका माणसाचें नांव असें सामान्यनाम होऊन बसलें. मौज अशी कीं, नांवानेंच ओळखलें जाणारें हें यंत्र रात्रीं रस्त्याच्या कडेला उभें राहिलें म्हणजे पुरतें निनांवी होतें. तें कोणत्या गांवाहून आलें, त्याचा धनी कोण, हप्ता कोण फेडतो, हें शेजारच्या घरांतहि कोणाला ठाऊक नसतें.

सुतार संध्याकाळीं आपली करवत घरीं नेतो. आमच्या किनाऱ्यावरचा कोळी होडी वाळूवर ओढून ठेवतो, पण तिचें छोटें इंजिन खांद्यावर टाकून घरीं आणतो. सात-आठ टनांच्या या अवजाराला घरीं नेण्याची सोय नाहीं. जेथें काम थांबलें तेथेंच तें रात्र काढतें. संबंध यंत्र पळविण्याचे प्रकार आमच्या बाजूस विरळाच. चोरी होते ती यंत्रांतून. टाकींत शंभराहून अधिक लिटर डिझेल मावतें, आणि तें काढण्यास एक नळी व चार डबे पुरतात. बॅटरींतल्या शिशाला भंगारांत भाव असतो. बकेटचे दात, दाबाच्या तेलाच्या नळ्या, दिवे, जें सुटतें तें जातें. गेलेल्या मालाची किंमत त्या मानानें थोडी. खरा तोटा दुसऱ्या दिवशीं कळतो. टाकी तळापर्यंत उपसली कीं इंधनाच्या नळ्यांत हवा शिरते, आणि ती काढून टाकल्याखेरीज इंजिन सुरू होत नाहीं. यंत्र तासाच्या भाड्यावर असतें. तें उभें राहिलें कीं भाडें थांबतें, चालकाचा भत्ता बुडतो, खडी टाकणारीं माणसें हात जोडून बसतात. बँकेचा हप्ता मात्र थांबत नाहीं. 'कंत्राटदाराला काय कमी आहे?' असें म्हणणारांनीं हा हिशेब एकदां मांडून पाहावा.

कांहीं वर्षांपूर्वीं गांवाजवळच्या एका रस्त्याच्या रुंदीकरणासाठीं आलेलें असेंच एक यंत्र रात्रीं एका आंबेबागेच्या गडग्याला लागून उभें असे. राखणीला आमच्याच वाडींतले एक वयस्क गृहस्थ ठेविले होते. सारी वाडी त्यांना आबा म्हणे. त्यांची खाट यंत्रापासून दोनशें पावलांवर, सिमेंटच्या छपराखालीं. कारण सिमेंट भिजतां कामा नये, एवढेंच त्यांना बजावलें होतें. यंत्राविषयीं कोणी कांहीं सांगितलें नव्हतें. एका रात्रीं एक टेंपो आला. त्यांतून दोघे उतरले. अंगांत चकाकत्या पट्ट्यांचीं जाकिटें, डोक्यावर पिंवळ्या टोप्या. मासे मारून घरीं परतणारा माझा शेजारी नेमका त्याच वाटेनें आला. सकाळीं चालकानें चावी फिरवली तेव्हां यंत्रांत डिझेलहि नव्हतें आणि बॅटरीहि नव्हती. संध्याकाळीं शेजारी माझ्या पडवीवर येऊन हळूच म्हणाला, "मास्तरांनू, माका वाटला कंपनीचीच माणसां. बिचाऱ्यांका काळोखात दिसना नाय, म्हणान मीच ब्याटरी धरलंय."

हातांतल्या विजेच्या दिव्याला आमच्याकडे 'ब्याटरी' म्हणतात. त्यामुळें एक ब्याटरी धरून दुसरी चोरण्यास मदत केल्याचा हा प्रसंग वाडींत बरेच दिवस हंसण्याचा विषय झाला. आबांना मात्र हंसूं आलें नाहीं. त्यांना त्याच दिवशीं कामावरून काढलें, आणि पगारांतून डिझेलची किंमत कापून घेतली. ते मला म्हणाले, "काढल्यानी तेचा कायएक नाय, मास्तरांनू. पण तुमी घेतलास काय, म्हणान माका कोणी इचारल्यान नाय. इचारल्यानी असता तर 'नाय' म्हणाक तरी गावला असता."

माझ्या शेजाऱ्याला कोणी भोळा म्हणेल. पण त्याच्यासारखे भोळे सर्वत्र आहेत. बिहारमधील रोहतास जिल्ह्यांत २०२२ च्या एप्रिलमध्यें ६० फूट लांबीचा एक जुना लोखंडी पूल चोरीस गेला. चोर पाटबंधारे खात्याचे अधिकारी म्हणून आले. त्यांनीं बरोबर जेसीबी व गॅसचीं कटरें आणलीं, आणि तीन दिवस गांवकऱ्यांच्या डोळ्यांदेखत पूल कापून नेला. पुढें जे पकडले गेले त्यांत खात्यांतीलच एक अधिकारी होता. तें दूरचें म्हणावें, तर २०२३ च्या जूनमध्यें खुद्द मुंबईंत, मालाडला, नाल्यावरून विजेच्या तारा नेण्यासाठीं उभारलेला ९० फूट लांब व ६,००० किलो वजनाचा तात्पुरता लोखंडी पूल नाहींसा झाला. पोलिसांनीं ज्या चौघांना पकडलें त्यांत पूल उभारणाऱ्या कंत्राटदार कंपनीचाच एक नोकर होता. सहा हजार किलो लोखंड कोणी काखोटीला मारून नेत नाहीं. ठिणग्या उडाल्या असतील, गाडी उभी राहिली असेल, माणसें येतां-जातां पाहून गेलीं असतील. आणि प्रत्येकानें मनाशीं म्हटलें असेल, 'कोणाचें तरी काम चाललेलें दिसतें!'

या दोन्ही गोष्टींवरून आणखी एक बोध निघतो. अशा चोरीला माहिती लागते. टाकी कोठें, टोपण कसें निघतें, पहारेकरी केव्हां पेंगतो, हें ज्याला ठाऊक तोच हात घालतो. म्हणून जाणते यंत्रमालक जे उपाय करतात ते मुख्यतः अशा माहितगारावरच असतात. टाकीच्या टोपणाला कुलूप, आणि तोंडांत नळी शिरूं नये म्हणून जाळी. यंत्र उभें करतांना बकेट जमिनीला टेकवावयाची, टाकीची बाजू भिंतीला किंवा दरडीला लावावयाची. यंत्रें अनेक असल्यास थोरलीं बाहेर आणि धाकटीं आंत, असा वाडा करावयाचा. बॅटरीचा प्रवाह तोडणारी कळ काढून खिशांत घालावयाची. आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे मोजमाप: संध्याकाळीं टाकींत पट्टी बुडवून खूण पाहावयाची, सकाळीं पुन्हा पाहावयाची, आणि यंत्र किती तास चाललें याच्याशीं तो आंकडा ताडून वहींत लिहावयाचा. ज्या डिझेलचा रोज हिशेब होतो तें सहसा आटत नाहीं.

चावीची गोष्ट मात्र विलक्षण आहे. एकाच कारखान्याचीं पुष्कळ यंत्रें एकाच चावीनें सुरू होतात. कामावर चालक बदलत असतात, चाव्या हरवतात, म्हणून ही सोय केलेली. परंतु जी चावी सर्वांची, तिच्या कुलपाला कुलूप कशासाठीं म्हणावें? म्हणून अलीकडे चालकागणिक निराळा अंक दाबल्याशिवाय इंजिन सुरू न होण्याची योजना निघाली आहे, आणि यंत्र ठरलेल्या हद्दीबाहेर गेलें कीं उपग्रहाच्या साह्यानें धन्याच्या फोनवर वर्दी पोंचते. उपाय उत्तम आहेत. पण यंत्र जागचें न हलतां त्याचें पोट रिकामें झालें, तर ही हद्दीची वर्दी मुकीच राहते.

ब्रिटनमध्यें २००७ सालीं सीझर नांवाची एक योजना सुरू झाली. तींत प्रत्येक यंत्रावर सहज न निघणारी क्रमांकाची पाटी बसवितात, आंतल्या भागांवर लपविलेल्या खुणा करतात, आणि त्यांची नोंदवही पोलिसांना कोणत्याहि वेळीं पाहतां येते. हें वाचलें तेव्हां मला आमच्या आईच्या पितळी भांड्यांची आठवण झाली. लग्नकार्यांत पातेलीं, परातीं, तपेलीं वाडीभर हिंडत. पण प्रत्येकाच्या कांठावर ठोकून नांव घातलेलें असे, आणि मांडव उतरला कीं ज्याचें त्याच्या घरीं परत येई. नांव घातलेलें पातेलें मोडींत घेतांना बोहारीणहि एकदां नांव वाचून घेई. यंत्राच्या बॅटरीवर, बकेटवर, नळ्यांवर अशींच धन्याचीं अक्षरें उठविलेलीं असलीं, तर भंगारवाल्याला 'मला काय ठाऊक?' म्हणणें तितकें सोपें राहणार नाहीं.

आतां आमच्या वाडींतल्या एका तरुणानें कर्ज काढून स्वतःचा जेसीबी घेतला आहे. तो रात्रीं त्याच्या खळ्यापाशीं, पूर्वीं जेथें गोठा होता तेथें, उभा असतो. खंडेनवमीला त्याची आई त्याला हळदकुंकू लावते, झेंडूची माळ घालते. अपरात्रीं त्या बाजूला नुसता उजेड दिसला तरी चार घरांतून 'कोण रे तो?' अशी हांक येते. टाकीला कुलूप आहेच. पण त्याहून मोठें कुलूप तें आहे. एवढ्यावरून जुन्या खेड्याचे गोडवे गाण्याचा माझा हेतु नाहीं. प्रत्येक रस्त्याचें काम गांवच्याच मुलाला मिळणार नाहीं, आणि परगांवाहून पोटासाठीं आलेला चालकहि कोणाचा तरी मुलगाच असतो. मुद्दा एवढाच कीं, ज्या गांवांत यंत्र मुक्कामाला येतें त्या गांवाला त्याचा धनी कोण व रखवालदार कोण हें पहिल्याच दिवशीं सांगावें. अंधार पडल्यावर यंत्राला कोणीहि हात लावणार नाहीं, लावल्यास अमक्या नंबरावर फोन करा, अशी पाटी तेथें मराठींत लावावी. अशी पाटी असती, तर माझ्या शेजाऱ्यानें ब्याटरी तिच्यावरच आधीं धरली असती.

विचारण्याची ही रीति आमच्या राज्यकर्त्यांना एके काळीं ठाऊक होती. १८ व्या शतकाच्या आरंभीं रामचंद्रपंत अमात्यांनीं लिहिलेल्या आज्ञापत्रांत आरमारासाठीं लाकूड तोडण्याचे नियम आहेत. आंबे-फणसांचीं लाकडें आरमाराच्या उपयोगाचीं खरीं, पण रयतेनें तीं झाडें लेंकरांसारखीं वाढविलेलीं असतात. म्हणून त्यांना हात लावूं नये. एखादें अगदींच जीर्ण झाड लागलेंच, तर धन्याला राजी करून व किंमत देऊन तोडावें, असा त्यांतील आशय आहे. ज्यांच्या हातीं सारी सत्ता होती त्यांनाहि झाडाखालीं उभें राहून आधीं 'हें कोणाचें?' असें विचारावें लागे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंत चोरीसाठीं ३०३ वें कलम आहे. चोरी पांच हजार रुपयांहून कमी किमतीची असली, गुन्हेगार पहिल्यानेंच दोषी ठरलेला असला, आणि त्यानें माल किंवा किंमत परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे. चार डबे डिझेल चोरणारा बहुधा याच मापाचा असतो. न्यायाधीशांनीं अशाला महिनाभर एखाद्या यंत्राच्या राखणीवर बसवावें, असें मला फार वाटतें. पावसाळ्यांतली रात्र, सड्यावरचा वारा, छपराच्या कागदाचा फडफडाट, आणि सकाळीं कांहीं कमी भरलें तर पहिला संशय आपल्यावर, हें सारें त्याला त्या महिन्यांत समजेल. आणि ज्यांनीं रखवालदार ठेवावयाचा त्यांनींहि त्याला यंत्राजवळ निवारा, हातांत ब्याटरी, खिशांत धन्याचा नंबर, आणि कोणालाहि थांबवून 'तुम्ही कोणाचे?' असें विचारण्याचा अधिकार द्यावा. तेवढें करून सकाळीं कांहीं नाहींसें झालेंच, तर त्याचा पगार कापण्यापूर्वीं त्यालाहि एकदां विचारावें.