पाणी किती झालं?

मार्च लागला की आमच्या घरात एक वाद ठरलेला असतो. विषय : गॅरेजमधला निळा डबा. बायकोच्या मते त्या डब्यातल्या पैशांत आमची इंडियाची दोन तिकिटं आली असती. माझ्या मते एकच. (ती हा ब्लॉग वाचते, त्यामुळे खरा आकडा इथे लिहीत नाही.)

डब्यात आहेत ल्युअर्स, म्हणजे नकली मासे. लाकडाचे, प्लास्टिकचे, रबराचे, काही नुसते चकाकणारे पत्रे. न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर उभं राहून लांब रॉडने हे पाण्यात फेकायचे, आणि स्ट्राइप्ड बास नावाचा, अंगावर सात-आठ काळ्या रेघा असलेला चंदेरी मासा त्यांना फसेल अशी आशा करायची. इथे सगळे त्याला लाडाने 'स्ट्रायपर' म्हणतात. मी मूळचा रेवदंड्याचा, खाडीवर गरवण्यात लहानपण गेलेलं. त्यामुळे मला वाटलं होतं, यात काय शिकायचंय?

पहिले दोन मोसम मी कोरडा परत आलो. मार्चच्या थंडीत, बोटं बधिर होईपर्यंत, नऊ-नऊ इंची लाकडी मासे फेकत होतो. शेजारचे म्हातारे माझ्याकडे बघून हसायचे नाहीत, पण जरा लांब जाऊन उभे राहायचे.

चूक साधी होती. मी मला आवडेल तो ल्युअर निवडत होतो. मोठा, रंगीत, पाण्यावर खळबळ करणारा. तसले ल्युअर्स मे महिन्यातले. तेव्हा बंकर नावाचा, आपल्या तारलीच्या कुळातला तेलकट मासा थव्याने येतो आणि मोठे स्ट्रायपर त्याच्यामागे वेडे होतात. मार्चमध्ये पाणी असतं चाळीस-पंचेचाळीस फॅरेनहाइट. मासा थंड रक्ताचा. पाणी गार असलं की त्याचं अंग जड, भूक मंद. तो पाठलाग करत नाही. नाकासमोरून काही हळूच गेलं तर तोंड उघडतो, तेही उपकार केल्यासारखं. आणि तेव्हा उथळ पाण्यात असतं काय? चिखलातले किडे, इवलीशी कोळंबी, बोटाएवढे चांदीसारखे स्पेअरिंग. त्याच्यासमोर नऊ इंची लाकडाचा ओंडका नाचवला तर तो बिचारा काय करणार!

आता माझा मार्चचा डबा शर्टाच्या खिशात मावतो. एक, चार इंची पांढरा रबरी मासा, चपट्या शेपटीचा, अर्ध्या औंसाच्या शिशाच्या डोक्यावर लावलेला. वजन फार महत्त्वाचं. तळाला अधूनमधून टेकला पाहिजे, पण चिखलात नांगर चालवता कामा नये. लाटा असल्या तर पाऊण औंस. दोन, बकटेल. हरणाच्या शेपटीचे केस शिशाच्या डोक्याला बांधलेले असतात. हे केस पाण्यात नुसते पडून राहिले तरी श्वास घेतल्यासारखे हलतात, म्हणून गार पाण्यात, जिथे ल्युअर जवळजवळ थांबवूनच ठेवायचा असतो, तिथे याच्यासारखं दुसरं काही नाही. आणि तिन्हीसांजेसाठी एखादा छोटा तरंगता मिनो, इतका हळू ओढायचा की पाण्यावर फक्त एक बारीक रेघ उठावी. रंगाबद्दल लोक तासन् तास भांडतात. माझ्याकडे सात रंग आहेत, वापरतो पांढरा. पाऊस पडून पाणी गढूळ झालं तर पोपटी. असो.

जागाही तशीच. उघड्या समुद्राआधी रारिटन बे गरम होतो. उथळ, काळा चिखल, दुपारभर उन्हात तापतो, आणि ओहोटी लागली की ते कोमट पाणी बाहेर येतं. म्हणजे पहाटे चारला उठून जाण्याचा पराक्रम या दिवसांत फुकटच. जेवून, एक डुलकी काढून गेलात तरी चालतं. :)

तर हे सगळं ज्ञान घेऊन मी २०२४ च्या मार्चमध्ये बाबांची वाट बघत होतो. आई जाऊन तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. बाबा फोनवर "ठीक आहे" याच्यापलीकडे काही बोलायचे नाहीत. आले ते एका बॅगेत कपडे आणि दुसरीत मसाला घेऊन. आईच्या प्रमाणाने, शेजारच्या काकूंकडून कुटून आणलेला. म्हणाले, "तू मासा धर, कालवण मी करतो." आयुष्यात चहासुद्धा न केलेला हा माणूस.

मग रोज विचारायला लागले. "पाणी किती झालं?" सँडी हूकला पाण्याचं तापमान मोजतात, ते रोज इंटरनेटवर दिसतं. त्रेचाळीस, म्हणायचो. "हा काय ताप आहे का?" म्हणायचे आणि पेपरात डोकं घालायचे.

गुढीपाडव्यानंतरच्या शनिवारी आम्ही कीपोर्टजवळ गेलो. बाबांनी भरतीचा हिशोब बोटांवर केला. पंचमी, पंचमीची पाऊणपट, म्हणजे पावणेचारला भरती. रेवदंड्यात हे गणित पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. इथे ते साधारण चार तास चुकलं, पाणी दुपारीच उतरायला लागलं होतं. त्यात त्यांना नकली मासा मान्यच नव्हता. "कोळंबी लाव." लावली. खरं आमिष लावलं की स्ट्रायपरसाठी इथे गोल वळलेला सर्कल हूकच लागतो, म्हणजे गळ पोटात न जाता ओठाच्या कडेला अडकतो. बाबांनी तो गळ उलटसुलट करून बघितला. "याला मासा कसा लागेल? आतच वळलाय की!" दीड तास काही झालं नाही. त्यात त्यांचा खरा दोष नव्हता, पण त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच मासे लपवलेत.

शेवटी मी त्यांना हलका रॉड दिला आणि अर्ध्या औंसाचा तो पांढरा रबरी मासा. तोच देण्याचं कारण एवढंच की त्यांचा उजवा खांदा आखडलेला आहे, जड काही फेकवत नाही. रीळही ते धड फिरवू शकत नव्हते. दोन फेरे, मग थांबा. खांदा चोळायचा. पुन्हा दोन फेरे. मी पुढे जाऊन माझं शास्त्रोक्त काम करत होतो. सांगणार होतो की बाबा, जरा एकसारखं ओढा. बरं झालं सांगितलं नाही.

"अरे, शेवाळात अडकलं," ते म्हणाले. मग शेवाळ चालायला लागलं.

रीळ कर्र करत सुटलं. बाबा ओरडले ते आगरीत, आणि काय ओरडले ते नातेवाईकही वाचतात म्हणून लिहीत नाही. रॉडला मी हात लावू गेलो तर कोपराने ढकललं. दहा-बारा मिनिटांनी तो मासा गुडघाभर पाण्यात आडवा झाला. बाबा वाकले, बघितलं आणि म्हणाले, "हा तर जिताडा!"

जिताडा नव्हता, पण ती ऐट होती खरी. मी टेप लावली. तेहेतीस इंच.

आता कायदा असा की अठ्ठावीस ते एकतीस इंच, तेवढाच मासा घरी न्यायचा, माणशी एक. मोठा सोडायचा. मी दुसऱ्यांदा मोजलं. तेहेतीसच. बाबांच्या चेहऱ्याकडे न बघता सांगितलं.

"दोन इंचांसाठी?"

त्यांना मी काय सांगणार होतो? की १९८० च्या दशकात हा मासा संपत आला होता, मेरीलँडने १९८५ ते १९९० पूर्ण बंदी घातली तेव्हा कुठे परत आला? की चेसापीक बेमध्ये २०१९ पासून दरवर्षी पिल्लं सरासरीपेक्षा कमीच निघताहेत? सव्वा वर्षाने या माणसाने स्वतःहून काही मागितलं होतं, आणि घरी ओट्यावर तो मसाला काढून ठेवलेला होता. आजूबाजूला कोणी नव्हतं. खोटं कशाला बोलू, गाडीची डिकी किती लांब आहे याचा विचार माझ्या मनात येऊन गेला.

बाबांनी माशाच्या पोटावरून हात फिरवला. पोट टम्म होतं.

"गाभोळी आहे."

"हो. इथून वर हडसन नदीत जातात अंडी घालायला."

ते काही बोलले नाहीत. गळ मी आधीच एकेरी ठेवला होता आणि त्याची अणी पक्कडीने दाबून टाकली होती, त्यामुळे पटकन निघाला. बाबांनी तिच्या खालच्या ओठात अंगठा घालून तिला पाण्यात धरलं, तोंड प्रवाहाकडे करून. खांदा दुखत असणार. बराच वेळ धरलं. तिने शेपटी मारली आणि बाबा नखशिखान्त भिजले.

परतताना गाडीत हीटर लावून ते बोलत होते. आईला गाभोळी कशी आवडायची, पहिल्या वर्षी तिने मिठाऐवजी काय घातलं होतं, वगैरे. मी यातलं काहीच ऐकलेलं नव्हतं. रात्री एडिसनच्या दुकानातल्या फ्रोझन बांगड्यांचं कालवण झालं. मीठ जास्त होतं. सगळ्यांनी दोनदा घेतलं.

जाताना बाबांनी डब्यातून तो पांढरा मासा मागून घेतला. या मार्चमध्ये त्यांचा फोन आला.

"पाणी किती झालं?"

"बेचाळीस."

"मग आठ-दहा दिवस थांब. आणि ऐक, तुझा तो रबराचा मासा मी खाडीत टाकला."

"मग? जिताडा?"

"कसला जिताडा. खेकड्याने शेपूट खाल्लं. अजून चार पाठव."