शाळेतला जुना संगणक आणि लिनक्स

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. आपल्या परभणीकडच्या शाळांत लोकसहभागातून आलेले जुने संगणक विंडोज ११ घेत नाहीत. मग भंगारात टाकायचे का? मला नाही पटत. केरळात सरकारी शाळांचे संगणक लिनक्सवरच चालतात.

आमच्या वर्गात मी लिनक्स मिंट टाकलं. ते आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं, हार्डडिस्कला हात लागत नाही. मेनू खाली डावीकडेच, त्यामुळं पोरं लगेच रुळली. अडतं ते आपलं, मोठ्यांचं!

खरी डोकेदुखी फॉन्टची. कृतिदेवमधली जुनी प्रश्नपत्रिका उघडली, की फॉन्ट नसल्यामुळं इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. वर्षानुवर्षांची मेहनत त्यात आहे, सोडून कशी द्यायची? ती युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागते. काम कंटाळवाणं, पण एकदाच. पुढं तीच प्रश्नपत्रिका पालकांच्या मोबाईलवरही वाचता येते.

निकालपत्रकं लिब्रेऑफिसमध्ये उघडतात. मॅक्रोवाल्या एक्सेल शीट मात्र अडू शकतात, म्हणून ऑफिसचा एक संगणक विंडोजवरच राहू द्या. अन् हो, इन्स्टॉल करण्याआधी सगळ्या फाईली दुसरीकडं कॉपी करून ठेवा. पूर्ण डिस्क निवडली तर आधीचं सगळं पुसलं जातं.