हुसेनसागरातली एकटी डोलकाठी

लेझर होडीची डोलकाठी उभी करण्याआधी जाणता नाविक डेकवरच्या भोकात पाणी ओतून बोटाने रेती चाचपतो. एखादा कण राहिला, तरी काठी फिरताना आतली भिंत घासली जाते आणि होडी पाणी प्यायला लागते. काठी दोन तुकड्यांची. त्यांवर शिडाची शिवलेली बाही चढवायची, सगळं उचलून भोकात रोवायचं. आधाराला बाजूने एकही दोर नाही!

हैदराबादच्या हुसेनसागरावर जुलैत, पावसाळी वारा भरात असताना, ‘हैदराबाद सेलिंग वीक’मध्ये अशा होड्यांच्या शर्यती लागतात. कुतुबशाहीत बांधलेलं हे तळं समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचावर आहे. भोवतीच्या इमारतींना अडून-वळून वारा झोतांनी येतो, आणि त्याचा पहिला हिसका काठीलाच बसतो.

मोठ्या जहाजावर वारा पेलण्याचं हे काम अनेक काठ्यांत वाटून दिलेलं असतं. गोवा शिपयार्डने बांधलेली, १९९७ मध्ये नौदलात आलेली ‘तरंगिणी’ घ्या. तिच्या तीन काठ्या नाळेकडून मोजायच्या: फोर, मेन, मिझन. पहिल्या दोघींवर आडवी चौकोनी शिडं. वारा पाठीशी असला की खरी ओढ त्यांची. मिझनचं शीड उभं, लांबीच्या रेषेत. ते पिछाडीला रेटून जहाजाचं तोंड वाऱ्याकडे वळवतं. फोरवरची शिडं उलट ओढतात. या दोघींचा मेळ बसला की सुकाणू हलकं होतं. म्हणजे ही नावं मानाची नाहीत, कामाची आहेत. मराठा आरमारातल्या गलबतावर हाच हिशेब दोन काठ्यांत बसवलेला होता: मोठीवर प्रचंड तिकोनी शीड आणि मागची अगदी बारीक. मुंबईत सागवानात बांधलेली ‘सुहेली’ही दोनकाठी. तिच्यातूनच रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली.

लेझरला मिझन नाही, आधाराचे दोरही नाहीत; तिची एकटी काठी वाकते. झोत आला की नाविक बूमखालचा, म्हणजे शिडाच्या तळच्या आडव्या दांड्याखालचा, दोर खेचतो, काठी कमान घेते, शिडाचं पोट सपाट होतं आणि जास्तीचा वारा वरच्या कडेने निसटतो. बाकीचा तोल तो कठड्याबाहेर अंग टाकून सांभाळतो. हे हातात मुरायला वर्षं जातात, आणि ते शिकायला हुसेनसागरासारखं लहरी पाणी फार चांगलं.

जुलैत हुसेनसागराच्या बांधावरच्या टँकबंड रस्त्यावरून जाणार असाल, तर थोडं थांबा आणि शिडांआधी काठ्यांचे शेंडे पाहा. झोत येताच कोणाची काठी किती वाकते, यावरून कसलेला नाविक लगेच ओळखू येईल.