एका व्हॅक्यूम क्लीनरची पाठचिकित्सा

गेल्या दिवाळीच्या आधी मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घराची कौले बदलायचे ठरले. त्यासाठी माळा रिकामा करणे भाग होते. तीन पिढ्यांनी ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणत वर चढवलेले सामान चार दिवस खाली येत होते. तांब्याचा बंब, पाळण्याच्या कड्या, एका पायाने अधू झालेला चौरंग, आणि सर्वांत मागे आजीच्या विटक्या लुगड्यात गुंडाळलेला काकांचा हूवर.

काका १९६६ साली डॉक्टर म्हणून इंग्लंडला गेले आणि तिकडचेच झाले. १९७४ साली ते आले तेव्हा त्यांनी आजीसाठी हा उभा व्हॅक्यूम क्लीनर आणला. आजीला दमा होता. घर झाडायला काढले की ती पदर नाकाशी धरून अंगणात जाऊन बसे आणि धूळ खाली बसेपर्यंत आत येत नसे. काका लंडनमध्ये असताना त्यांची बस वेस्टर्न अव्हेन्यूवरच्या हूवर कंपनीच्या पांढऱ्याशुभ्र कारखान्यावरून जात असे. ती इमारत पाहताना त्यांना अंगणात बसलेली आजी दिसायची, असे ते सांगत. (तो कारखाना १९८२ साली बंद पडला. पुढे त्या वास्तूत सुपरमार्केट आले आणि अलीकडे सदनिका झाल्या.)

यंत्र आले, पण घराने त्याला स्वीकारले नाही, अशी आमच्या घराण्यातली कथा आहे. आजीचे म्हणणे सरळ होते. कळ दाबून घर झाडायचे तर घरात सून कशाला आणली? शिवाय उभ्या व्हॅक्यूम क्लीनरच्या रचनेतच गालिचा गृहीत धरलेला असतो. मोटरीवरचा रबरी पट्टा खालचा ब्रशाचा रूळ फिरवतो, तो रूळ गालिच्याला बडवतो, आणि उडालेली धूळ पंखा मागच्या पिशवीत ओढतो. आमच्याकडे होती शहाबादी फरशी, आणि तिला केरसुणी पुरेशी होती. तेव्हा काकांचा ‘पांढरा हत्ती’ माळ्यावर गेला तो गेलाच. लग्नकार्यात कोणी ना कोणी ही कथा सांगे, सगळे हसत, आणि हसणाऱ्यांत माझी आईही असे.

मी मराठी शिकवते. यंत्रांशी माझा संबंध मिक्सरपलीकडे नाही. तरी हे यंत्र भंगारात द्यायला मन होईना. काका आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांची भेट एकदा तरी चालू झालेली त्यांना दाखवावी, एवढाच हेतू धरून मी ते रिक्षात घालून शिवाजी उद्यमनगरात नेले.

कोल्हापूरच्या बाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे की उद्यमनगर ही नुसती औद्योगिक वसाहत नाही. फाउंड्री, लेथ, मोटर रिवायंडिंग यांच्या त्या गल्ल्यांत ‘बाहेरून आलेली वस्तू उघडून पाहायची’ हा या गावाचा जुना स्वभाव नांदतो. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंनी याच गावात देशी सिनेकॅमेऱ्याचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ साली गेले, तरी बाबूरावांनी कॅमेरा पुरा केला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. त्या मानाने माझे काम किरकोळ होते.

मिस्त्रींनी यंत्र आडवे केले, चार स्क्रू काढले आणि म्हणाले, “मॅडम, ही तुम्ही न वापरलेली म्हणताय न्हवं?”

“हो. आणल्यापासून माळ्यावरच आहे.”

“मग कार्बन कुणी खाल्ला वो?”

मोटरीच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे दोन तुकडे असतात. मोटर फिरते तसे ते झिजतात, पडून राहून झिजत नाहीत. आमचे तुकडे अगदी बोटाच्या पेराएवढेही उरले नव्हते. मग मिस्त्रींनी एकेक गोष्ट दाखवायला सुरुवात केली. वायरीच्या टोकाला इंग्लंडचा चौकोनी दांड्यांचा प्लग नव्हता, आपला गोल पिनांचा होता. तिकडची वीज तेव्हा २४० व्होल्टची होती आणि आपली २३० ची, म्हणजे प्लग बदलला की यंत्र इथे सुखाने चालणार. ब्रशाच्या रुळावर मूळचा पट्टा नव्हता, सायकलच्या ट्यूबची कापलेली चकती होती. बाहेरच्या कापडी पिशवीच्या आत कागदाची पिशवी होती. ती एकदा भरली की टाकून द्यायची असते. पण आमच्या पिशवीचा तळ कापून पुन्हा शिवलेला होता. एकदा नव्हे, अनेकदा. जुन्या टाक्यांची भोके शेजारी शेजारी दिसत होती.

तो धावदोरा मी ओळखला. माझ्या शाळेच्या दप्तराला तोच होता.

“ही समदी घाण काढून टाकतो,” मिस्त्री म्हणाले, “आणि वरिजिनल करून देतो.”

मी त्यांना थांबवले. का थांबवले हे तेव्हा नीट सांगता आले नसते. घरी येताना मात्र एम.ए.च्या वर्गाला दरवर्षी शिकवते तो पाठचिकित्सेचा भाग डोक्यात घोळत होता. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरी शुद्ध केली. अपपाठ काढून टाकले. त्या उपकाराबद्दल दुमत नाही. पण काय गाळले याची यादी त्यांनी मागे ठेवलेली नाही. ती त्यांच्या काळाची रीतही नव्हती. उलट पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, तेव्हा सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रक्षिप्त ठरवलेला मजकूर संहितेतून काढला, तरी फेकून दिला नाही. तो तळटीपांत आणि परिशिष्टांत छापला. कोणीतरी, कुठेतरी, कशासाठीतरी हे श्लोक घातले होते, आणि त्या कोणीतरीचा माग फक्त त्या श्लोकांतच उरला होता.

हे मी वर्गात कित्येक वर्षे सांगत आले आहे. मिस्त्रींच्या टेबलावर मात्र प्रक्षिप्त भाग माझ्या आईच्या हातचा होता.

रात्री जेवणानंतर मी तिला शिवलेली पिशवी दाखवली. तिने ती उलटसुलट करून पाहिली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “फेकली का नाहीस?”

तिने सांगितले ते थोडक्यात असे. आजी दर पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जायची, पहाटेची एस.टी. धरून, आणि संध्याकाळी परतायची. तेवढ्या वेळात आई यंत्र खाली काढी आणि आजीच्या अंथरुणातली घोंगडी, जाजम, सतरंजी सगळे त्याने झाडून घेई. गालिचा नव्हता, पण घोंगडे होतेच की! खिडक्या उघड्या टाकायच्या, पिशवीतून निसटलेली बारीक धूळ दुपारपर्यंत बसू द्यायची, फरशी पुसून घ्यायची, आणि यंत्र पुन्हा वर. प्लग वडिलांनी बदलून दिला होता, म्हणजे त्यांना ठाऊक होते. पट्टा तुटला तेव्हा कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून तिने ट्यूब कापून आणली. कागदी पिशव्या काकांनी बरोबर दिल्या होत्या त्या संपल्या, तेव्हा शेवटची जपून वापरली.

“वाडीहून आल्यावर आत्याबाईंना चार रात्री बरी झोप लागायची,” आई म्हणाली. “त्या म्हणायच्या, दत्तगुरूंची कृपा.”

“आणि तू?”

“मी हो म्हणायची. देवाकडे गेलं श्रेय, त्यात वाईट काय?”

ती झोप यंत्रामुळे होती, प्रवासाच्या थकव्याने होती की श्रद्धेने, हे आज कोणी सांगू शकणार नाही, आणि आईचाही तसा दावा नाही. १९८७ साली आजी गेली. त्यानंतर एकदा यंत्रातून जळका वास आला, आणि आईने ते आजीच्याच लुगड्यात गुंडाळून वर ठेवले. मी तेव्हा आठ वर्षांची होते. पौर्णिमेला शाळेतून आल्यावर घराला ओल्या फरशीचा वास यायचा एवढे मला आठवते. त्याचे कारण मी कधी विचारले नव्हते.

मला खरा धक्का बसला तो दुसऱ्या गोष्टीने. पन्नास वर्षे ही बाई ‘पांढऱ्या हत्ती’च्या कथेवर इतरांबरोबर हसत आली होती. मी कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, “हो म्हटलं असतं तर आत्याबाईंच्या लेखी मी कामचुकार. पुढे त्या गेल्या, पण तोवर गोष्ट सगळ्यांची होऊन बसली होती. आता मधेच कुठे तोंड घालायचं?”

हूवरचा इतिहास वाचताना एक योगायोग सापडला. या उभ्या यंत्राची मूळ कल्पना जेम्स मरे स्पँग्लर याची. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कँटन गावी तो एका दुकानात झाडलोट करी आणि त्याला दमा होता. पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून त्याने पहिले यंत्र उभे केले. १९०८ साली त्याला पेटंट मिळाले, आणि त्याच सुमारास ते हूवर कुटुंबाकडे गेले. यंत्रावर नाव त्यांचे राहिले. मूळ संहितेतही, म्हणजे, झाडणाऱ्याचे नाव पुसलेलेच होते.

मिस्त्रींनी दोन आठवड्यांनी यंत्र दिले. कम्युटेटर बारीक पॉलिश पेपरने घासला होता, दुसऱ्या मोटरीचा मोठा कार्बन कानशीने मापाला आणला होता, बेअरिंगमधले वाळलेले ग्रीस काढून नवे भरले होते, वायर पुरी बदलली होती. मूळ मापाचा पट्टा मी इंटरनेटवरून मागवला. ट्यूबची चकती, झिजलेले कार्बन, गोल पिनांचा प्लग आणि शिवलेली पिशवी त्यांनी वर्तमानपत्रात बांधून वेगळी दिली. त्या पुडीवर मी साल आणि हकीकत लिहून ठेवली आहे. तेवढे परिशिष्ट.

रविवारी काकांना फोन लावला. आईने आधी थंडी विचारली, गुडघे विचारले. मग म्हणाली, “भाऊजी, तुमचं ते झाडायचं यंत्र हिनं चालू करून आणलंय.”

पलीकडून काका मोठ्याने हसले. “पन्नास वर्षांनी? म्हणजे पहिल्यांदाच चाललं म्हणायचं!”

आईने माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली, कारण हे तिचे तिनेच ठरवायचे होते.

“नाही,” ती म्हणाली. “पहिल्यांदा नाही. तुम्हाला जरा वेळ आहे का?”