आधी पाय, मग बूट

आधी बूट, मग धावणं, असं मी पालकांना सांगत आलो. नातेपुत्यात शाळेच्या मैदानावर मुलांकडून लांब पल्ल्याच्या धावण्याचा सराव करून घेतो. दिवाळीची सुट्टी संपली की गावातल्या दुकानदारांकडे आणि पुण्या-मुंबईत नोकरीला लागलेल्या माजी विद्यार्थ्यांकडे बुटांसाठी पैसे मागायला जातो. अजूनही जातो. पण त्या वाक्यातला क्रम आता मला पटत नाही. तो का पटेनासा झाला हे मोकळेपणाने सांगायला हवं, कारण माझ्या शब्दावर विश्वास ठेवून अनेकांनी बूट दिले आहेत आणि अनेकांनी पोटाला चिमटा काढून ते घेतले आहेत.

माझं जुनं मत काही हवेतून आलेलं नव्हतं. पाऊस संपला की आमच्या माळरानावर सराटे वाळतात आणि त्यांचे काटे टणक होतात. बांधांवर वेडी बाभूळ माजलेली. कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. रस्त्यावर उसाची कांडी, पाचट, कुठे तुटलेल्या साखळीचा तुकडा, कुठे बाटलीची काच. आणि याच दिवसांत पहाटेच्या अंधारात भरतीची पोरं धावत असतात. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावायचं असतं, आणि त्यावर घराचं भवितव्य ठरतं. अशा वेळी पायात काटा मोडून आठवडाभर घरी बसणं कुणालाच परवडत नाही. बूट हवेतच, असं कुठलाही शहाणा शिक्षक म्हणेल.

पण या व्यवहारी कारणाच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती. अनवाणी मूल दिसलं की मला दया यायची. माउलींची पालखी धर्मपुरीहून सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि नातेपुत्यात मुक्कामाला येते, तेव्हा अनवाणी चालत आलेल्या वारकऱ्याच्या पायांना आम्ही वाकून हात लावतो. चैत्रात शिखर शिंगणापूरच्या यात्रेला मुंगी घाटातून कावडी वर चढतात. तो खडा डोंगर चढणाऱ्यांच्या पायांकडे आम्ही भक्तीने बघतो. तसेच पाय एखाद्या ऊसतोड मजुराच्या पोराचे असले की आमच्या तोंडून ‘अरेरे’ निघतं. एकाच गावात, एकाच रस्त्यावर, उघड्या पायाकडे बघण्याच्या या दोन नजरा. मैदानावर माझी नजर दुसरी होती.

लता भगवान करे यांची गोष्ट मी मुलांना त्याच नजरेने सांगायचो. नवऱ्याच्या आजारपणाच्या तपासण्यांना पैसे हवेत म्हणून शेतमजुरी करणारी, साठी ओलांडलेली ही बाई बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या तीन किलोमीटरच्या गटात उतरली. नऊवारी नेसून अनवाणी धावली आणि पहिली आली. पुढे तिच्यावर चित्रपट निघाला, त्यात तिने स्वतःचीच भूमिका केली आणि 67 व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला. बारामती आमच्या शेजारची. त्यामुळे ही गोष्ट मुलांना लगेच भिडते. गोष्ट संपली की मी बुटांसाठी डबा फिरवायचो. बाईच्या पायांत बूट नव्हते, एवढंच मी तिच्यातून घेत होतो. साठीनंतर डांबरी रस्त्यावर तीन किलोमीटर उघड्या पायांनी बाकीच्यांच्या पुढे राहायला काय लागतं, हा प्रश्न मला तेव्हा सुचला नव्हता. पैशांची निकड माणसाला शर्यतीत उभं करते. शेवटपर्यंत पळवायला आयुष्यभर जमिनीवर वावरलेला पाय लागतो.

मत हलायला सुरुवात झाली ती नववीतल्या एका मुलीमुळे. तिचे आईवडील शेतात कामाला. वर्गात सगळ्यांत हलकी धावणारी. तिला मी देणगीतले बूट दिले. चांगले, नवे, जाड टाचेचे, पण पायाला थोडे मोठे. ती खूश झाली. काही आठवड्यांत तिच्या धावण्याचा आवाज बदलला. पूर्वी ती मागून आली तर कळायचं नाही. आता टाच आपटल्याचा ठोका लांबून ऐकू यायचा. नडगी दुखते म्हणू लागली. मी तिला तंत्र समजावत होतो. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘सर, बुटात पाय कळत नाय.’ मग बूट काढून मैदानाच्या कडेला नीट जोडीने ठेवले आणि धावायला गेली. पुन्हा तीच हलकी, बिनआवाजाची धाव.

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. मी वाचायला लागलो. हार्वर्डमधले डॅनियल लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास 2010 साली ‘नेचर’मध्ये आला होता. लहानपणापासून अनवाणी धावणारी माणसं बहुतेक वेळा पायाच्या पुढच्या किंवा मधल्या भागावर उतरतात आणि जमिनीशी होणाऱ्या पहिल्या धडकेचा जोर त्यामुळे बराच कमी राहतो, असं त्यांना दिसलं होतं. माझ्या विद्यार्थिनीचा नाहीसा होणारा आवाज मला तिथे सापडला. लगेच हुरळून जाऊ नये असंही पुढे वाचायला मिळालं. उत्तर केनियातले दासानाच लोक कायम अनवाणी असतात, पण त्यांच्या नेहमीच्या वेगात त्यांतले बरेच जण टाचेवरच उतरतात, असं 2013 च्या एका अभ्यासात निघालं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात बूट घालून धावणाऱ्यांना पातळ तळाची, बोटांची पादत्राणं देऊन दहा आठवडे धावायला लावलं, तर त्यांतल्या अनेकांच्या पायाच्या हाडांमध्ये ताणाची सूज दिसली. म्हणजे उघडा पाय आपोआप शहाणा नसतो. त्याला शिकावं लागतं आणि त्याला वेळ लागतो. आमच्या वाड्यावस्त्यांवरच्या मुलांचं हे शिक्षण शाळेत येण्याआधीच झालेलं असतं. मी ते दयेपोटी पुसत होतो.

मला सगळ्यांत जवळचा वाटला तो 2019 चा अभ्यास. अनवाणी चालणाऱ्यांच्या तळव्यांची कातडी जाड होते, पण त्या जाडीमुळे जमिनीची जाणीव कमी होत नाही, असं त्यात दाखवलं आहे. आपल्याकडे घट्टे पडलेला पाय म्हणजे बधिर झालेला पाय अशी समजूत आहे. ती मुलगी जे म्हणाली ते अगदी याच्या उलट होतं. जाड कातडीच्या पायाला सगळं कळत होतं, बुटातल्या पायाला कळत नव्हतं.

दुसऱ्याच्या मुलांना सांगण्याआधी स्वतः करून बघावं म्हणून मी एक अख्खा हिवाळा अनवाणी धावलो. थंड देशांत अनवाणी धावणारे हिवाळ्यात बूट चढवतात. आमच्याकडे मात्र हाच एक धड ऋतू आहे. उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर डांबर पोळतं आणि पावसाळ्यात चिखलाखाली काटा दिसत नाही. मी कॅनॉलच्या कडेच्या मुरमाच्या वाटेवर सुरुवात केली आणि पहिल्याच सकाळी मुरमाने ताडकन उठवलं. सर्वांत सुखाचा तो गाडीवाटेचा फुफाटा. त्यात पाय बुडतो आणि वरून थंड, आतून ऊबदार लागतो. ज्वारीच्या काळ्या रानाच्या कडेने जाताना भेगा आणि ढेकळं सांभाळावी लागतात. काढणी झालेल्या शेतातली धसकटं तर चाकूसारखी. तिथे जाऊच नये.

शरीर काही दिवसांत स्वतःहून बदलतं. पाऊल आखूड पडायला लागतं, पावलांची गती वाढते, गुडघा वाकलेला राहतो. पोटऱ्या मात्र सुरुवातीला इतक्या धरतात की जिना उतरणं अवघड होतं. इथे घाई करणाऱ्याचंच हाड दुखावतं, म्हणून अंतर हळूहळू वाढवायचं. धावून आल्यावर तळवा बोटांनी चाचपायचा, आणि दुखरी जागा दुसऱ्या दिवशीही दुखत असली तर धावायचं नाही.

थंडीचा एक धोका कुणी सांगत नाही, तो सांगतो. पारा दहा-बारा अंशांवर उतरलेल्या पहाटे, दंव पडलेल्या वाटेवर पहिला किलोमीटरभर तळवा सुन्न असतो. जमिनीची खबर देणं हेच ज्याचं काम, तोच गप्प असतो. मला एकदा काच लागली आणि ती घरी येऊन पाय धुताना कळली. तेव्हापासून मी ऊन अंगावर आल्याशिवाय बूट काढत नाही. दुसरा त्रास टाचांच्या भेगांचा. कोरड्या हवेत कातडी फाटते, त्यात माती शिरते आणि मग प्रत्येक पाऊल झोंबतं. यावरचं औषध गावातल्या आज्यांना पूर्वीपासून ठाऊक आहे. रात्री कोमट पाण्यात पाय भिजवायचे, दगडाने हलकेच घासायचे आणि कोकमाचं तेल कोमट करून भरायचं. वजरी नावाचा तो खरबरीत दगड माझ्या धावण्याच्या सामानात बुटांच्या शेजारी असतो.

जानेवारीत जवळच्या शहरातल्या दहा किलोमीटरच्या शर्यतीत मी अनवाणी उतरलो. नियमांची अडचण नाही. जागतिक अॅथलेटिक्सच्या नियमांनुसार खेळाडू अनवाणी धावू शकतो, दोन्ही पायांत बूट घालू शकतो, किंवा एकाच पायातही. सुरुवातीच्या रेषेपाशी एका स्वयंसेवकाने काळजीने विचारलं, ‘काका, चप्पल हरवली का?’ त्या प्रश्नातली दया मी लगेच ओळखली, कारण ती माझी स्वतःची होती. अर्ध्या अंतरानंतर खडी वर आलेला रस्ता लागला. मग रस्त्याच्या कडेला मारलेल्या पांढऱ्या रंगाच्या पट्ट्यावरून धावत राहिलो. तो गुळगुळीत असतो, अनवाणी धावणाऱ्यांना तो लगेच सापडतो. बुटांतल्या वेळेपेक्षा जास्त वेळ लागला. पण शर्यतीनंतर दरवर्षी ठणकणारे माझे गुडघे त्या संध्याकाळी शांत होते.

वेळेचं सांगितलं, कारण या बाबतीत भाबडेपणा नको. इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने 1960 मध्ये रोमला अनवाणी ऑलिम्पिक मॅरेथॉन जिंकली, 2 तास 15 मिनिटं 16 सेकंदांत, हे सगळे सांगतात. चार वर्षांनी टोकियोत तो बूट घालून धावला आणि 2 तास 12 मिनिटं 11 सेकंदांत पुन्हा जिंकला, हे कमी जण सांगतात. शंभू महादेवाच्या डोंगरापलीकडे, माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर 2016 मध्ये रिओला 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली. 1984 च्या पी. टी. उषानंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक प्रकारात ऑलिम्पिक अंतिम फेरीत पोचलेली ती पहिली भारतीय स्त्री. पाण्याच्या खड्ड्यावरून उडी मारताना पायांत स्पाइक्स लागतात. अडथळ्याशी जाऊन कुणी अनवाणीपणाचा हट्ट धरू नये.

आपल्याकडच्या अनवाणी धावण्याला जुना इतिहास आहे. 1919 मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत दोराबजी टाटांनी शेतकऱ्यांच्या मुलांना अनवाणी लांब पल्ल्याची शर्यत धावताना पाहिलं. त्यांना ना युरोपी नियम माहीत होते, ना प्रशिक्षण मिळालेलं होतं. तरी काहींची कामगिरी परदेशातल्या खेळाडूंच्या जवळ जाणारी होती. त्यातूनच 1920 च्या अँटवर्प ऑलिम्पिकला संघ पाठवायचा विचार पक्का झाला. त्या संघातले बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. भारताच्या ऑलिम्पिक प्रवासाची एक सुरुवात पुण्याच्या खडबडीत रस्त्यांवरच्या उघड्या पायांत आहे. टाटांनी त्या पायांत उणीव पाहिली नाही, गुण पाहिला. मग त्यांनी त्या गुणाला पैसा, प्रवास आणि प्रशिक्षण दिलं. हा क्रम मला आता बरोबर वाटतो.

एक गोष्ट मात्र मी सोडलेली नाही. ज्याच्याकडे बूट नाहीत त्याला अनवाणी धावण्याचे फायदे ऐकवणं मला मान्य नाही. अनवाणी धावणं ही निवड तेव्हाच होते, जेव्हा घरी कोनाड्यात बूट ठेवलेले असतात. अंधारात रस्त्यावर धावणाऱ्या भरतीच्या पोरापोरींना बूट आणि अंगावर चमकणारी पट्टी हवीच. त्या मुलीकडे आजही बूट आहेत, या वेळी मापाचे, सपाट आणि हलके. जिल्ह्याच्या स्पर्धेत 3000 मीटरला ती बूट घालून धावली. सराव आठवड्यातून दोनदा अनवाणी करते. कधी काय घालायचं हे ती ठरवते. मी विचारतो, सांगत नाही.

माझ्यासारख्या क्रीडाशिक्षकांना माझी विनंती आहे. हिवाळ्याच्या उन्हात, झाडलेल्या मातीच्या मैदानावर, आठवड्यातून दोनदा दहा-दहा मिनिटं मुलांना अनवाणी पळू द्या. आधी मैदान स्वतः चालून बघा, नंतर प्रत्येकाचे तळवे बघा. दहाव्या आणि सोळाव्या वर्षीची धनुर्वाताची लस राहिली असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जा. बूट देणाऱ्या दात्यांनो, देत राहा, गरज मोठी आहे. फक्त मुलाच्या पायाचं माप मागवल्याशिवाय बूट पाठवू नका, आणि जाड टाचेचे तर नकोतच.