टाक्यांचे दिवस

नसबंदीचं ऑपरेशन झालेल्या कुत्रीची पहिल्या रात्री मला फारशी धास्ती नसते. तेव्हा ती स्वतःच निपचित पडून असते. खरी कसोटी तिसऱ्या-चौथ्या दिवशी लागते. भूल पूर्ण उतरलेली, औषधाने ठणका दबलेला, शेपटी हलू लागलेली. दारात आलेली शेजारीण कौतुकाने म्हणते, "आते बरं व्हई गयं ना!" नेमकं त्याच वेळी मला दार ओढून घ्यावं लागतं.

जळगावात मेहरूणच्या बाजूला मी ऑपरेशननंतरची कुत्री सांभाळते. काही घरची, बरीच रस्त्यावरची. या ऑपरेशनात मादीची बीजांडं आणि बहुधा गर्भाशयही काढतात. वरची कातडी दहा ते चौदा दिवसांत सांधते, पण पोटाच्या भिंतीचा आतला थर त्याहून सावकाश बळ धरतो. ओट्यावरून मारलेली एक उडीही आतले टाके सोडवू शकते. म्हणून जिना बंद, मस्ती बंद, लघवीलाही पट्टा लावूनच.

गुंगीतल्या शरीराला आपली ऊब राखता येत नाही. इथल्या जानेवारीच्या थंडीत अंगाखाली गोणपाट आणि वर चादर लागतेच. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसवर जातो तेव्हा कूलर हवा, पण त्याचा झोत थेट अंगावर नको आणि ओली फरशीही नको. जखम कोरडी राहिली पाहिजे. आंघोळ टाके निघेपर्यंत नाहीच.

माया करणारी माणसं हळद लावायला येतात, शेवभाजीच्या रश्शात भाकरी कुस्करून आणतात. त्यांना समजावून सांगावं लागतं. जखमेवर डॉक्टरांनी दिलेल्याशिवाय काही लावायचं नाही. कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो, आपल्या घरातली वेदनाशामक गोळी तर जिवावर बेतू शकते. साधा मऊ भात आणि उकडलेलं अंडं पुरतं. गळ्यातली प्लास्टिकची कॉलर पाहून लोक हळहळतात, पण चाटून टाके उसवण्यापेक्षा ती बरी. पावसाळ्यात माशा बसून जखमेत अळ्या पडतात, त्यामुळे जाळी लावलेली खोली हवी.

सकाळ-संध्याकाळ मी ओठ उचलून हिरड्या पाहते. गुलाबी असल्या की ठीक. पांढुरक्या पडल्या, पोट फुगलं, जखमेतून रक्त किंवा पू आला, तर उजाडायची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करायचा. नराचं सांभाळणं त्या मानाने हलकं, पण ऑपरेशननंतरही काही आठवडे त्याच्यापासून गर्भ राहू शकतो, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवते.

रस्त्यावरच्या कुत्र्यांना 2023च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार ऑपरेशन आणि रेबीजची लस झाल्यावर सहसा पकडलं तिथेच सोडायचं असतं. तिथे गेल्यावर पळणं, भांडणं, भिंतीवरून उड्या मारणं आलंच; पुन्हा पोट तपासायला कुणी थांबणार नाही. म्हणून जखम पक्की होईतो मी घाई करू देत नाही. जिवाला बंद खोलीत कोंडणं मलाही जड जातं. तरी त्याला बरं वाटू लागल्यापासून तो खरंच बरा होईपर्यंतचा काळ राखणं, हेच माझं काम आहे असं मी मानते.

कुत्र्याला ऑपरेशनला नेणाऱ्यांना मी तारखेआधी एकच गोष्ट विचारते: पुढचे दोन आठवडे त्याच्याजवळ कोण थांबणार? उत्तर नसेल, तर तारीख पुढे ढकला.