पॅटरसनमधील पंगत

आपापल्या मुलांकडे उन्हाळा घालविण्यासाठी न्यू जर्सीत आलेले आम्ही तिघे मित्र परभणी जिल्ह्याचे. एक सेलूचा, एक मानवतचा आणि मी जिंतूरचा. तिघांचीही हयात बँकेत गेली. परदेशी गेल्यावर माणूस आधी आपले पदार्थ शोधतो. सेलूच्या मित्राला मात्र नव्याची हौस. "एकदा पेरूचे जेवण जेवू," असे त्याने जाहीर केले, तेव्हा मानवतच्या मित्राने "पेरूची कोशिंबीर का?" असे विचारून घेतले. पेरू हा देशही आहे, हे त्याला ठाऊक नव्हते असे नाही.

त्यासाठी आम्ही पॅटरसनला गेलो. पसेइक नदीच्या 77 फूट उंचीच्या धबधब्यापाशी गिरण्या उभ्या राहिल्या आणि हे गाव 'सिल्क सिटी' म्हणून प्रसिद्धीस आले. रेशमासाठी कोशातील जीव कसा जातो हे जाणणाऱ्या मला त्या बिरुदाचे कौतुक वाटले नाही. धबधबा मात्र डोळे भरून पाहिला. आज येथे पेरूहून आलेल्या लोकांची अमेरिकेतील एक मोठी वस्ती आहे. दुकानांच्या पाट्या स्पॅनिश, हाका स्पॅनिश, दुकानांतून ऐकू येणारी गाणीही स्पॅनिश.

जेथे मत्स्य-मांस शिजते तेथे बसावे की नाही, हा प्रश्न माझ्यापुढे होताच. माझ्या निर्णयाशी सर्व वाचक सहमत होणार नाहीत, याची कल्पना आहे. मी बसलो. कारण सेलूचा मित्र दोन दिवस आधी मुलाला घेऊन तेथे जाऊन आला होता. माझ्यासाठी वेगळ्या, स्वच्छ भांड्यात शिजवावे, हे त्याने मालकाकडून कबूल करून घेतले होते. वेळ सायंकाळी सहाची ठरविली होती, कारण जूनमध्ये तेथे सूर्यास्त साडेआठच्या सुमारास होतो. शिवाय नातवाकडून लिहून घेतलेली चिठ्ठी त्याच्या खिशात होती: 'सिन पापा, सिन सेबोया, सिन आहो'. म्हणजे बटाटा नको, कांदा नको, लसूण नको.

वाढणाऱ्या बाईंनी चिठ्ठी वाचली आणि पहिल्याच शब्दाला त्यांच्या भुवया उंचावल्या. त्यांचे नवल रास्त होते. बटाट्याची लागवड अँडीज पर्वतात काही हजार वर्षांपूर्वी सुरू झाली. त्या पर्वतरांगांत त्याची चार हजारांहून अधिक वाणे आहेत, आणि आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्रही 1971 साली पेरूच्या राजधानीत, लिमा येथेच स्थापन झाले. पेरूच्या मेजावर बटाटा नाकारणे म्हणजे आपल्या पंगतीत बसून भाकरी आणि पोळी दोन्ही नाकारण्यासारखे.

तरीही पान रिकामे राहिले नाही. अंगठ्याच्या नखाएवढ्या टपोऱ्या दाण्यांचे उकडलेले कणीस आले. त्याला ते चोक्लो म्हणतात. पीककर्जाच्या निमित्ताने अर्धे आयुष्य बांधावर काढलेल्या मानवतच्या मित्राने एक दाणा बोटांत फिरवून पाहिला आणि कृषी विद्यापीठाच्या 'परभणी मोती' ज्वारीची आठवण काढली. सोबतचे चीज मी ठेवून दिले. ते घट्ट करण्यास वापरलेले रेनेट वासराच्या जठरातील असू शकते. भात होता, ॲव्होकाडोच्या फोडी होत्या. शिवाय अननसाची साल, दालचिनी आणि लवंग घालून उकळलेले जांभळ्या मक्याचे पेय होते, चिचा मोरादा. त्याची चव मला फार आवडली. मिरची आणि भुईमूग अमेरिका खंडातूनच आपल्याकडे आले. 1987 साली उत्तर पेरूत सिपान येथे एका प्राचीन अधिपतीची समाधी सापडली. तीत सोन्या-चांदीच्या भुईमुगाच्या शेंगांची माळ होती. शेंगदाण्याच्या कुटावर चालणाऱ्या आपल्या स्वयंपाकघरात हे सांगण्याजोगे आहे.

"इतकी तजवीज कशासाठी केलीस?" मी सेलूच्या मित्राला सहज विचारले. तो क्षणभर थांबला.

1986 साली आम्ही दोघे जिंतूरला एकाच शाखेत होतो. त्याच्या आईने मला सेलूला जेवायला बोलाविले होते. माझ्यासाठी कोरे पातेले आणून त्यांनी कांदा-लसणाविना सगळा स्वयंपाक केला होता. पण गाडी वाटेत बंद पडली आणि आम्ही पोहोचलो तेव्हा दिवे लागले होते. मी हात जोडले, पाणीही घेतले नाही आणि नियम पाळल्याचे समाधान उशाशी घेऊन झोपलो. पहाटेच्या गाडीने परत आलो.

"त्या रात्री आईही जेवली नाही," मित्र म्हणाला. "पाहुणा उपाशी असताना तिच्या घशाखाली घास उतरेना. मला म्हणाली, त्याला सांगू नकोस. नियमाचा माणूस आहे, उगाच मनाला लावून घेईल."

आई जाऊन आता बरीच वर्षे झाली. नियम पाळल्याचा मला खेद नाही. पण जिंतूरहून सेलू असे किती दूर? पुन्हा एखाद्या रविवारी दिवसाउजेडी जाऊन त्यांच्या हातचे जेवून येणे मला केव्हाही जमले असते. मी गेलो नाही. आमंत्रणाची वाट पाहिली, आणि त्यांनी बहुधा माझ्या अडचणीचा विचार करून पुन्हा बोलाविले नाही.

मेजावर कोणीच काही बोलेना. तेवढ्यात वाढणाऱ्या बाईंनी न मागताच आणखी एक वाफाळते कणीस आणून ठेवले. मित्राने ती थाळी माझ्याकडे सरकविली. समोरच्या इमारतीच्या छपरावर ऊन होते. सूर्यास्ताला अजून तासाहून अधिक अवकाश होता.